पंधरा हजार फी, पण नेमकी कशाची?

पत्राचा सारांश : वाचक ४४ वर्षांच्या आहेत. नागपूरच्या मनीषनगरात राहतात, बुटीबोरीच्या एका कारखान्यात हिशेब विभागात काम करतात. रोजचं येणं-जाणं पन्नास किलोमीटरच्या घरात, शिवाय आईच्या दवाखान्याच्या फेऱ्या. सात लाखांच्या आत सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी घ्यायचा विचार आहे. त्या लिहितात, "विकणारे माझ्याशी बोलतच नाहीत, सोबत नेलेल्या भाच्याकडे बघून बोलतात. गाडीतलं मला काही कळत नाही." ओळखीतून एक स्वतंत्र सल्लागार मिळाला आहे. गाडी शोधणं, तपासणं, भाव पाडणं आणि कागदपत्रं असं सगळं तो करतो. त्याचे दोन दर आहेत : एकतर १५ हजार आगाऊ, नाहीतर 'वाचवलेल्या रकमेच्या ३० टक्के'. वाचकांना दुसरा पर्याय बरा वाटतो. मोठ्या बहिणीचे यजमान मात्र म्हणतात, "पंधरा हजार पाण्यात कशाला घालतेस, मी आहे ना. कार बाजारात माझा माणूस आहे." पैसे द्यावेत का, आणि दिले तर भाऊजींना कसं सांगावं, हे त्यांना विचारायचं आहे.

उत्तर

तुम्हाला टक्केवारीचा पर्याय बरा वाटतो, तेव्हा आधी त्याचाच हिशेब करू. 'वाचवले तर द्यायचे' हे ऐकायला रास्त वाटतं. पण वाचवले कशातून? सेकंडहँड गाडीला छापील किंमत नसते, विकणारा सांगेल ती किंमत. समजा एखादी गाडी बाजारात ५ लाख २० हजारांना जाते. कार बाजारवाला ६ लाख सांगतो. तुमचा माणूस घासाघीस करून ती ५ लाख ४० हजारांवर आणतो. म्हणजे साठ हजार 'वाचले' आणि त्यातले १८ हजार त्याचे. पुढची नोंद तुम्हीच करा : गाडीत वीस हजार जास्त गेले, वर अठरा हजार फी. शिवाय सांगितलेला भाव जितका फुगीर, तितकी त्याची कमाई मोठी. मग सरळ रास्त भाव सांगणारा, स्वतःची गाडी विकणारा एखादा मालक त्याला परवडतच नाही, आणि असा माणूस तुमच्यापर्यंत पोचतही नाही.

किमतीच्या अमुक टक्के मागणारा असेल तर महाग गाडी त्याच्या सोयीची. 'गाडी घेतली तरच फी' हा प्रकार तर सगळ्यांत वाईट, कारण मग गाडी नापास करण्यात त्याचंच नुकसान. तुम्ही खरं तर पैसे मोजताय ते 'ही घेऊ नका' या वाक्यासाठी. ते वाक्य बोलल्यावर ज्याचा खिसा रिकामा राहतो, तो ते कशाला बोलेल?

म्हणून ठरावीक रक्कमच बरी, पण सगळी आगाऊ देऊ नका. त्याचे १५ हजार मान्य असतील तर ते असे फोडा : तुमची गरज समजून घेऊन चार-पाच गाड्यांची लेखी यादी दिली की ३ हजार, मग प्रत्यक्ष पाहणीचे गाडीमागे अडीच हजार याप्रमाणे तीन गाड्यांचे साडेसात हजार, आणि उरलेले साडेचार हजार आरसी तुमच्या नावावर झाल्यावर. तिन्ही गाड्या नापास झाल्या तर चौथीचे अडीच हजार वेगळे द्या, आणि देताना कुरकुर करू नका. अडीच हजारांत टळलेली खराब गाडी हा स्वस्तातला सौदा आहे.

आता त्या माणसाबद्दल. तो हुशार आहे का, हा प्रश्न नंतरचा. त्याला तुमच्याखेरीज आणखी कोण पैसे देतं, हे आधी बघा. कार बाजारात गिऱ्हाईक आणणाऱ्याला कमिशन द्यायची रीत जुनी आहे. कर्ज करून देणारा, विमा उतरवणारा, आरटीओचं काम करणारा, सगळ्यांकडे थोडं थोडं असतं. त्याला सहज विचारा, "कर्ज आणि विमा कुठून करू?" "कुठूनही करा, मला फक्त कागद दाखवा" असं म्हणाला तर बरं लक्षण. "ते सगळं आपल्याकडेच होतं" म्हणाला तर तो सल्लागार नाही, बिनदुकानाचा विक्रेता आहे. जुना एखादा पाहणी अहवाल नाव-नंबर झाकून दाखवायला सांगा. त्यात फोटो, गाडीच्या कॉम्प्युटरला लावायच्या स्कॅनरचं रीडिंग, रंगाच्या जाडीचे आकडे आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च असायला हवा. 'इंजिन ओके, बॉडी ओके' एवढंच असेल तर ते भाऊजीही फुकटात सांगतील.

आणि एवढी दोन वाक्यं त्याच्याकडून लिहून घ्या : 'या व्यवहारात मी विक्रेता, डीलर, फायनान्स कंपनी किंवा विमा एजंट यांच्याकडून कोणतीही रक्कम घेणार नाही. घेतल्याचं आढळल्यास संपूर्ण फी परत करीन.' सही, तारीख, आणि प्रत्येक हप्त्याची पावती. पैसे देऊन घेतलेली सेवा असल्यामुळे तिच्यात कसूर झाली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. फुकटात केलेली मदत त्या कायद्यात 'सेवा' धरली जात नाही, हे भाऊजींच्या बाबतीत लक्षात असू द्या.

सेकंडहँडच घ्यायची हे तुम्ही धरूनच चालला आहात. ते एकदा तपासून बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी तो २८ टक्के होता आणि वर सेस. त्यामुळे एएमटी (साध्या गिअरबॉक्सवर बसवलेला, आपोआप बदलणारा) गिअर असलेल्या काही छोट्या नव्या गाड्या तुमच्या बजेटच्या आवाक्यात आल्या आहेत. जुन्या गाडीचे काही मालक मात्र अजून कर उतरण्याआधीची नवी किंमत डोक्यात ठेवून भाव सांगतात. म्हणून आधी नव्या गाडीची ऑन-रोड किंमत हातात घ्या आणि तिच्याशी जुनीचा भाव ताडून बघा. तीन वर्षांची गाडी नवीपेक्षा लाख-दीड लाखानेच स्वस्त पडत असेल, तर वर्षाला पंधरा हजार किलोमीटर चालवणाऱ्या माणसाने नवीच घ्यावी असं माझं मत आहे.

आणि नवी घेणार असाल, तर या माणसाला एक रुपयाही देऊ नका. तिथे घासाघीस करायला जागा थोडी असते आणि ती सगळी कोटेशनच्या कागदावर दिसते. तो कागद वाचणं हे तुमचं रोजचं काम आहे. एकाच कंपनीच्या दोन-तीन डीलरांकडून, जमल्यास वर्ध्याच्या किंवा भंडाऱ्याच्याही, व्हॉट्सॲपवर तुमच्या नावाने ओळवार कोटेशन मागवा. भाच्याकडे बघून बोलण्याचा प्रश्नही तिथेच मिटतो. एक्स-शोरूम किंमत सगळीकडे सारखीच असेल. रस्ता कर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, म्हणजे सहा लाखांच्या गाडीला ६६ हजारांच्या आसपास. नोंदणी शुल्क ६०० रुपये, स्मार्ट कार्ड २००, कर्ज असेल तर आरसीवर बँकेचा बोजा चढवण्याचे १,५००. 'नोंदणी व इतर' या ओळीत आठ-दहा हजार दिसले, तर 'इतर' म्हणजे काय ते विचारा. हँडलिंग, लॉजिस्टिक, 'एसेन्शियल किट' या ओळींवर सरळ काट मारा.

खरा पैसा विम्यात असतो. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, पण स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा पुरतो. डीलरच्या विम्यातला आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि ॲड-ऑन (जादा पैसे भरून घेतलेली संरक्षणं) जसेच्या तसे ठेवून बाहेरून दर काढा, आणि तो कागद डीलरपुढे ठेवा. विमा त्याच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. बहुतेक वेळा तोच दर उतरवतो. नागपूरच्या पावसाचा अनुभव बघता झिरो डेप्रिसिएशनसोबत (म्हणजे क्लेममध्ये सुट्या भागांची घट कापली जात नाही) इंजिन प्रोटेक्शन घ्या, बाकीचे ॲड-ऑन सोडले तरी चालतील. तुमच्या कारखान्याच्या नावावर कॉर्पोरेट सूट बसते का, हेही विचारा. ओळखपत्र दाखवून पाच-दहा हजार सुटत असतील तर सोडायचे कशाला? नोंदणी व्हायच्या आधी चासी नंबर घेऊन गाडी यार्डात जाऊन बघा आणि उत्पादनाचा महिना-वर्ष तपासा. तो विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर असतो. नंबर पडल्यावर गाडी परत करणं जवळपास अशक्य असतं.

सेकंडहँडच ठरली, तर मात्र त्या माणसाची नजर कामाची आहे. तोंड नाही, नजर. त्याने काय बघायला हवं ते तुम्हाला माहीत असलं, म्हणजे त्याने ते बघितलं की नाही हे तुम्हाला कळेल.

गाडी सकाळी बघायची, थंड इंजिनवर. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर आधीच सुरू करून ठेवलेली आहे, त्यामुळे सकाळी पहिल्यांदा सुरू होतानाचा त्रास आणि धूर दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी परत या. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र, लावल्यावर 'एरर नाही' एवढ्यावर समाधान मानू नका. स्कॅनरमध्ये रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते सांगणाऱ्या नोंदी, दिसतात. ते अपूर्ण दाखवत असतील तर कोणीतरी नुकतेच एरर पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र त्याच्याकडे असायलाच हवं. कारखान्याचा मूळ रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो. अडीचशेच्या वर गेला तर परत रंग मारलेला, सहाशेच्या वर गेला तर खाली पुट्टी. एका दाराला परत रंग मारला असेल तर चिंता नाही, शहरात घासतंच. छत, खांब आणि रेडिएटरची चौकट इथे आकडा चढला तर गाडी सोडून द्या. बंपरवर यंत्र लावून कोणी आकडे सांगायला लागला तर त्याला यंत्र वापरता येत नाही, कारण बंपर प्लास्टिकचा असतो आणि असं यंत्र धातूवरच चालतं.

टायरच्या बाजूला बनवल्याची तारीख सांगणारे चार आकडे असतात. ३५२२ म्हणजे २०२२ सालचा ३५ वा आठवडा. गाडी २०२१ ची, मीटरवर २६ हजार किलोमीटर आणि चारही टायर २०२४ चे, असं दिसलं तर मीटर आणि टायर यांतलं एक काहीतरी खोटं बोलतंय. स्टेपनीचा आकडाही बघा, ती बहुधा मूळचीच असते. मग अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदींतले किलोमीटर मागवा आणि जुळवा.

बुडालेली गाडी ओळखणं हा नागपुरात वेगळा विषय आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि कितीतरी गाड्या त्यात उभ्या होत्या. त्यातल्या काही धुवून-पुसून पुन्हा बाजारात आल्या असणार. अशी गाडी महिनोन्महिने नीट चालते. वायरिंगच्या जोडांत गंज हळूहळू चढतो आणि मग कधी पॉवर विंडो, कधी सेन्सर, कधी एअरबॅगचा दिवा असं एकेक सुरू होतं. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून बघा, पाणी चढलं असेल तर आतल्या भागावर चिखलाची पुसट रेघ राहते. सीट ज्या रुळांवर सरकते त्यांचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खळग्यात गाळ आहे का, ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचलल्यावर कसा वास येतो, ते बघा. पाच वर्षांच्या गाडीत कोरं मॅटिंग, कोरे सीट कव्हर आणि वर भरपूर अत्तर असेल तर संशय घ्यायचाच. जुनी विमा पॉलिसी मागा. तिच्यावर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य असेल तर आदल्या वर्षी क्लेम झालाय, किंवा पॉलिसी ९० दिवसांहून जास्त तुटलीय, किंवा गाडीने नुकताच हात बदललाय. यांतलं काय झालं ते विकणाऱ्याला सांगता आलं पाहिजे.

तुम्हाला ऑटोमॅटिक हवी आहे, तर एएमटी, सीव्हीटी, टॉर्क कन्व्हर्टर हे वेगवेगळे प्रकार आहेत एवढं लक्षात ठेवा. बजेटमध्ये बहुतेक एएमटीच येईल. तिच्यात साधाच क्लच असतो, तो दाबायचं काम तेवढं यंत्र करतं, त्यामुळे तो झिजतो आणि बदलावा लागतो. चाचणीला मनीषनगरच्या रेल्वे उड्डाणपुलाचा चढ घ्या, गाड्यांच्या रांगेत सरकत सरकत. गाडी जास्त मागे येते का, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना धक्का बसतो का, जळका वास येतो का? आणि एसीची परीक्षा भर दुपारी, गाडी उन्हात वीस मिनिटं जागेवर सुरू ठेवून. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत सिग्नलला उभं राहायचंय तुम्हाला, शोरूमच्या शेडमध्ये नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. नंबर टाकून परिवहनच्या ॲपवर मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, विमा-पीयूसी चालू आहे का ते दिसतं. ई-चलान वेगळं तपासा. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवरचा बोजा आपोआप जात नाही. त्यासाठी बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो, आणि ते व्यवहाराआधी व्हायला हवं. हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३०. एमपी २८ किंवा सीजी ०४ ची, म्हणजे मध्य प्रदेश-छत्तीसगडची, गाडी स्वस्त दिसली तर हुरळू नका. फॉर्म २८ ची एनओसी (तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र), महाराष्ट्राचा रस्ता कर, नवा नंबर हे सगळं तुमच्या गळ्यात, आणि जुन्या राज्यातला कर परत मिळवायचा तर तिकडे खेटे. कार बाजारातून घेत असाल तर आरटीओचं डीलर म्हणून अधिकारपत्र दाखवायला सांगा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना ते लागतं. "मॅडम, टेन्शन मत लो, पेपर हो जाएंगे" हे अधिकारपत्र नव्हे.

भाव करायला बोलघेवडेपणा लागतो, हाही एक समज आहे. लेखी अहवाल हातात आला की दोन टायर इतके, बॅटरी इतकी, क्लच इतका अशी बेरीज होते आणि तेवढी रक्कम तुम्ही किमतीतून वजा मागता. आवाज चढवायची गरज नाही. नाही म्हणाले तर यादीतली दुसरी गाडी आहेच. ठरावीक किमतीत गाड्या विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे भाव फारसा हलत नाही. तिथे सल्लागाराला फक्त पाहणीचे पैसे द्या.

राहिले भाऊजी. त्यांच्या हेतूवर संशय घ्यायचं कारण नाही. पण 'माझा माणूस' म्हणजे त्यांचा माणूस, आणि त्याला बाजारातून काय मिळतं ते कदाचित भाऊजींनाही माहीत नसेल. पुढे गाडी खराब निघाली तर सल्लागाराला फी परत मागता येते, भाऊजींना काय मागणार? ताईकडच्या जेवणावळीत तो विषय वर्षभर चालेल तो वेगळा. त्यांना बाजूला सारू नका, काम द्या. "भाऊजी, तुमच्या माणसाकडची एक गाडी यादीत घेऊ, चालवून तुम्हीच बघा. मशीन आणि कागद मात्र मी बाहेरून तपासून घेणार आहे, ऑफिसात लागलेली सवय म्हणा." हे सगळं ठरल्यावर सांगू नका, सल्लागाराला पहिला हप्ता द्यायच्या आधीच सांगा. त्यांच्या माणसाची गाडी पाहणीत पास झाली तर घ्याही, त्यात कमीपणा काही नाही.

शेवटचा व्यवहार असा करा. गाडीचे पैसे सल्लागाराच्या किंवा भाऊजींच्या हातून द्यायचे नाहीत. थेट खात्यात टाकायचे, आणि आरसीवरचं नाव व खात्यावरचं नाव एकच आहे हे बघून. अधिकृत डीलर असेल तर त्याच्या फर्मच्या खात्यात, बिलासह. टोकन पाच-दहा हजारांहून जास्त नको, आणि पाहणीत नापास झाल्यास परत, असं पावतीवर लिहून घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही. ताबा घेताना तारीख आणि वेळ घालून दोघांच्या सहीची पावती करा, त्या मिनिटापर्यंतचे चलान आणि अपघात विकणाऱ्याचे, पुढचे तुमचे. दुसरी किल्ली तेव्हाच मागून घ्या. विमा १४ दिवसांत नावावर करायचा. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे तेवढा फरक भरावा लागेल, तो बजेटमध्ये धरून ठेवा. आरसीसाठी तुमच्याकडे ३० दिवस आहेत. आणि काचेवरचा जुना फास्टॅग विकणाऱ्याला त्याच्या बँकेत बंद करायला सांगून तुमच्या नावाचा नवा लावा.